शकूच्या वजनाचं मीठ

डॉक्टर दिनानाथ नाखवा माझ्याकडे आले ते शाळेच्या दोन खोल्या मागायला. एकोणीसशे छप्पन सालचा मे महिना होता. मुलींना सुट्टी लागलेली, बाकं भिंतीला लावून ठेवलेली. डॉक्टरांच्या दवाखान्यात चार खाटा होत्या आणि त्या दिवशी सकाळी त्या चार खाटांवर अकरा मुलं निजली होती. मी किल्ली दिली. ती खिशात टाकूनही ते उभेच राहिले. म्हणाले, "बाई, तुमची वजाबाकी चांगली आहे असं ऐकतो. खोल्यांबरोबर तुम्हीही हव्यात."

अशी मी त्या कामात शिरले.

डॉक्टर उरणकडच्या कोळीवाड्यातले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या विभागात तीन वर्षं काम करून ते पनवेलला आले होते आणि बंदराच्या वाटेवर त्यांनी दवाखाना मांडला होता. वय तिशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत. आजारी मुलाच्या आईला एखादी गोष्ट विचारली की ते गप्प बसून उत्तराची वाट पाहत. मी शाळेत जन्म काढला आहे. प्रश्न विचारणारे पुष्कळ पाहिले, पण उत्तरासाठी असे थांबणारे थोडे.

त्या उन्हाळ्यात हगवणीची साथ होती. खाडीकाठच्या वस्त्यांवर मे महिन्यात गोडं पाणी उरत नाही. कुठल्यातरी तळ्याचं पाणी पिंपांतून येतं आणि तेच चार दिवस पुरवावं लागतं. मोठी माणसं दोन दिवस पोट धरून बसत आणि उठत. लहान मुलं मात्र सकाळी खेळत असली तर संध्याकाळी डोळे खोल जाऊन पडत. त्यात आपल्याकडची जुनी समजूत अशी की जुलाब होणाऱ्या पोराला पाणी द्यायचं नाही, दिलं तर जुलाब वाढतात. म्हणजे आजार एका बाजूने पाणी काढी आणि आई दुसऱ्या बाजूने बंद करी. हे सगळं मायेपोटी चालायचं.

शिरेतून मिठाचं पाणी चढवायच्या बाटल्या मुंबईहून एसटीने येत. दहा मागवल्या तर चार मिळायच्या. डॉक्टरांच्या मनात एक शंका होती. ज्या आया गुपचूप पातळ पेज पाजत राहिल्या, त्यांची मुलं जास्त तगली असं त्यांना वाटत होतं. "पण वाटणं म्हणजे कळणं नव्हे," ते मला म्हणाले. "पेज पोटात राहते की वाहून जाते, आणि किती पाजली म्हणजे पोर सावरतं, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?"

मोजायचं म्हणजे वजन करायचं. मी मुलींना सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. मूल एका दिवसात बारीक होत नाही, त्याचं मांस काही तासांत झडत नाही. सकाळी बारा पौंड असलेलं मूल दुपारी साडेअकरा भरलं, तर गेलेला अर्धा पौंड म्हणजे निव्वळ पाणी. तेवढं परत घातलं की ते जागेवर येईल.

खोलीच्या मधल्या तुळईला त्यांनी तराजू टांगला. एका बाजूला पितळी पारडं, दुसऱ्या बाजूला मूल ठेवायला सूप. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून पारड्याखाली खापराचा तुकडा बांधला होता. पौंड-औंसांची वजनं मुंबईची. दर तीन तासांनी वजन करायचं आणि मी वहीत लिहायचं. नर्स गंगाबाई बाहेरच्या पडवीत चुलीवर पेज शिजवी, फडक्यातून गाळी, त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घाली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात त्या महिन्याची एक्केचाळीस नावं आहेत. चार नावांपुढे शेवटचा आकडा नाही.

पहिले पाच-सहा दिवस गावातली मुलं आली. त्यांच्या आया कुरकुरल्या, तरी वजन करू देत होत्या. सातव्या दिवशी सकाळी कामोठ्याकडच्या मिठागरावरून एक बैलगाडी आली. तिच्यातून रंभा उतरली, कडेवर चौदा महिन्यांची मुलगी, शकू. मागून रंभाची सासू ठमाबाई. शकू रडत नव्हती. जीभ कोरडी, डोळे अर्धवट उघडे. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. ओल्या मातीवर बोटाची खूण राहावी तशी.

बाटल्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या, नव्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. म्हणजे जे काही करायचं ते तोंडावाटेच. डॉक्टरांनी गंगाबाईंना पेज आणायला सांगितलं आणि शकूला घ्यायला हात पुढे केले. रंभाची नजर तुळईकडे गेली. तराजू दिसला तशी ती दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकली.

"तोलू नका," ती म्हणाली. "औषध द्या, पन तोलू नका."

कारण ठमाबाईने सांगितलं. मिठागरावर मीठ राशीने पडलेलं असतं. महिना पडो, तीन महिने पडो, ते आपलं असतं. काटा आणून ते तोललं की त्याच दिवशी मचव्यात चढतं आणि जातं. तोललेलं घरात ऱ्हात नाय, हे त्यांच्याकडे लहान पोरही जाणतं. आणि रंभाचं पहिलं मूल कुठल्याशा दवाखान्यात काट्यावर ठेवलं होतं. ते आठ दिवसांत गेलं. एवढं सांगून म्हातारी डॉक्टरांकडे वळली.

"तू कोल्याचा ना? तुमाला मासली तोलायची सवय. आमची पोर मासली नाय."

"मासली आमी वाट्यावर इकतो, आजी," डॉक्टर त्यांच्याच बोलीत म्हणाले. "आमच्या घरात तराजू कोनी बगितला नाय."

म्हातारी हसली, पण हटली नाही. डॉक्टरांनी मग सुचवलं की बंदरावरच्या पोत्यांच्या काट्यावर मायलेकींना एकत्र उभं करू, नंतर एकट्या आईला, आणि वजाबाकी करू. त्यावर ठमाबाई म्हणाली, म्हणजे आता सूनही न्यायचा विचार आहे होय. गंगाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की पोरीचे कपडे बदलायला म्हणून आत घेते आणि पटकन वजन उरकते. डॉक्टरांनी ते ऐकलं. ते चिडले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. म्हणाले, "फसवून घेतलेला आकडा मला नको. वजन एकदा करून भागत नाही, दर तीन तासांनी करायचं आहे. आणि ही बाई विश्वासाने आली आहे."

तोवर रंभाने दोन चमचे पेज शकूला पाजली होती. पाचच मिनिटांत पोरीने घाण केली. रंभाने वाटी खाली ठेवली. वरून घातला का खालून गेला, आता आणखी पाजून पोरीला मारू काय, असं ती म्हणाली. तिचं बोलणं चूक म्हणायला आमच्याकडे तराजूखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि तराजू तर तिला नको होता.

डॉक्टर जमिनीवर तिच्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, "तुमच्यात पोराला तराजूत कधीच ठेवत नाहीत का? कशासाठीच नाही?"

आणि ते थांबले. मला वाटलं, आता घटका घटका मोलाची आहे, हा माणूस काय थांबून राहिला आहे. पण ते थांबले म्हणूनच उत्तर आलं. रंभा खाली बघत म्हणाली की ठेवतात. जत्रेला. नवस फेडायचा असला की पोराला पारड्यात बसवतात आणि दुसऱ्या पारड्यात गूळ घालतात. गूळ देवीला जातो, पोर घरी येतं.

डॉक्टरांनी ठमाबाईकडे पाहिलं. म्हातारी आपल्या सुनेकडे पाहत होती. मग ती उठली आणि बाहेर गेली. बंदरात तिच्या भावाचा, भगवानचा, मिठाचा मचवा लागला होता. अर्ध्या तासाने ती आली तेव्हा तिच्या ओच्यात मीठ होतं, इतकं की चालताना ती मागे झुकली होती. तिने ते सतरंजीवर ओतलं आणि गावदेवीचं नाव घेऊन सांगितलं की पोर उठली तर तिच्या भारंभार मीठ तुला वाहीन.

"आता ठेव पोरीला," ती सुनेला म्हणाली. "तोलायचा त्यो मीठ तोला. जाऊ दे मीठ."

शकूला सुपात फडक्यावर ठेवलं. ठमाबाईने ओंजळीने दुसऱ्या पारड्यात मीठ घातलं. काटा सरळ झाला. डॉक्टरांनी मुलीला उचलून आईकडे दिलं, सुपात वजनं ठेवली आणि मीठ तोललं. बारा पौंड चौदा औंस. मी आकडा लिहिला. रकान्याच्या डोक्यावर 'मुलाचे वजन' असं छापलं होतं. ते खोडून 'मिठाचे वजन' करा, असं त्यांनी मला सांगितलं.

इथवर युक्ती होती. पुढे जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. ठमाबाई पारड्यातल्या मिठाकडे बघत उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"ह्यो कमी हाय," ती म्हणाली. "नवस धडधाकट पोरीचा बोलतात, सुकलेलीचा नाय. माजी नात एवरीशी नवती."

डॉक्टरांनी विचारलं, मग केवढी होती. आजी म्हणाली, ते मना कसा सांगता येईल, माज्या हातांना ठावं हाय. चाळीस वर्षं तिने आगरातून डोक्यावरून आणि हातांतून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. शकूलाही रोज तीच उचलत होती. तिने डोळे मिटले, दोन्ही हात पोर घेतल्यासारखे पुढे धरले. मग एका कापडात पारड्यातलं सगळं मीठ घेऊन हातांवर झेललं, राशीतलं आणखी घातलं, झेललं, मूठभर काढलं, पुन्हा झेललं. खोलीतल्या बाकीच्या आया बघत होत्या. शेवटी तिने कापड डॉक्टरांपुढे केलं. "ही आमची शकू. परवाची."

डॉक्टरांनी कापडातलं सगळं मीठ तोललं. पहिल्यापेक्षा एक पौंड तीन औंस जास्त.

मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. शकू आली तेव्हा तिची कातडी, डोळे, जीभ पाहून त्यांनी अंदाज लिहून ठेवला होता: सव्वा पौंड पाणी गेलं असावं. वीस औंस. म्हातारीच्या हातांनी एकोणीस सांगितले होते.

हे किती मोठं होतं ते मला त्यांनी नंतर समजावलं. आजारी मूल आलं की त्याचं आजचं वजन कळतं, पण कालचं कुठून आणायचं? खाडीकाठच्या कोणत्या मुलाचं वजन कोणी लिहून ठेवलेलं असतं? त्यांची सगळी वजाबाकी त्या एका आकड्यापाशी अडत होती. वरची संख्याच नसेल तर वजा कशातून करणार!

आता त्यांनी ते सगळं मीठ पारड्यात घातलं आणि शकूला पुन्हा सुपात ठेवलं. मिठाचं पारडं खाली गेलं. डॉक्टरांनी पेजेचा तांब्या घेतला आणि एक भांडं सुपात तिच्या पायाशी आणि तसंच रिकामं भांडं मिठावर ठेवून पहिल्यात पेज ओतत गेले. सूप हळूहळू उतरू लागलं. काटा सरळ झाला तेव्हा भांडं जवळजवळ भरलं होतं.

"रंभाबाय," ते म्हणाले, "एवढं पाणी पोरीतनं गेलंय. एवढं तिला परत द्यायचं."

रंभा त्या भांड्याकडे पाहत राहिली. मग तिने भांडं उचललं, भिंतीशी बसली, शकूला मांडीवर घेतलं आणि चमचा हातात घेतला.

चमचा चमचा पेज पाजणं हे काम बसून करायचं असलं तरी सोपं नाही. दोन चमचे जातात, तिसरा ओठावरून ओघळतो. पोर उलटी करतं. मग दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. डॉक्टर बाकीच्या मुलांकडे जात आणि दर वेळी परत येऊन रंभाजवळ टेकत. तिने किती चमचे दिले ते विचारत आणि मला लिहायला सांगत. त्यांनी तिला एकदाही 'लवकर' म्हटलं नाही.

एकच्या सुमाराला शकूने एक मोठी उलटी केली आणि पाठोपाठ जुलाब झाला. मान एका बाजूला पडली. रंभाच्या हातातला चमचा खाली गेला. तिने पोरीच्या तोंडावर पदर धरला आणि मान हलवायला लागली. आता नाय. समदा गेला. ठमाबाईने नवस बोलला होता, आता पुढचं देवीकडे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

डॉक्टरांनी शकूची नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. माझी खात्री होती की आता ते रागावतील, निदान हुकूम तरी करतील. ते म्हणाले, "रंभाबाय, मी म्हणतो म्हणून पाजू नका. समदा गेला का, ते आपण बघू. गेला असंल तर मी तुमचं ऐकतो."

ठमाबाईने स्वतः शकूला सुपात ठेवलं. मिठाचं पारडं अजून खालीच होतं. पण सकाळी ते सतरंजीला टेकलं होतं, आता जमिनीपासून दोन बोटं वर तरंगत होतं. फरक किती ते पाहायला डॉक्टरांनी पुन्हा दोन्हीकडे भांडी ठेवून सुपातल्या भांड्यात पेज ओतली. काटा सरळ झाला तेव्हा भांड्यात वर चांगला चार बोटं कोरडा काठ राहिला होता.

रंभाने त्या कोरड्या काठावर बोट फिरवलं. मग सासूला म्हणाली, "समदा नाय गेला, आये. पोरीत ऱ्हायला."

तिने पुन्हा चमचा घेतला. या वेळी ठमाबाईने दुसरी वाटी घेऊन तिच्यासमोर बैठक मारली. एक दमली की दुसरी. मधूनच ठमाबाई शकूला शिव्या देई. तुज्या बापाने असा कधी केला नाय, एका दमात तांब्या संपवायचा, असं तिला ऐकवी. तीन तास न थांबता तीनलाच पुन्हा वजन झालं. साडेचारला झालं. माझ्या वहीत आकडे चढत होते आणि माझं अक्षर बिघडत होतं. सहा औंस उरले, मग साडेतीन. शकूने एकदा डोळे उघडून चमच्याकडे पाहिलं आणि तो दातांत धरला. डॉक्टरांनी बोट तिच्या तोंडात घातलं. जीभ ओली होती.

ऊन तिरपं होऊन बाकांवर आलं तेव्हा शेवटचं वजन करायला घेतलं. खोलीतल्या सगळ्या आया जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. सूप खाली उतरलं, काटा मध्यावर आला, थरथरला आणि थांबला. ठमाबाईने हात जोडले.

तेवढ्यात सूप पुन्हा वर चाललं.

अगदी जरासं, पण वर. ठमाबाईचे जोडलेले हात सुटले. "गेला," ती कुजबुजली, "पानी गेला." सुपाच्या कामट्यांमधून थेंब थेंब जमिनीवर पडत होते. रंभाने झडप घालून शकूला उचललं. डॉक्टर मात्र गुडघ्यांवर बसले, त्यांनी त्या ओलीला बोट लावलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं. मग ते तसेच जमिनीवर बसून हसायला लागले. सात दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"शू केली पोरीने," ते म्हणाले. "आजी, शू केली. पोट धुवून गेलं ते पाणी वेगळं. हे अंगाला पुरून उरलेलं पाणी आहे. कालपासून तिने शू केली नव्हती ना?"

रंभाने नाही म्हटलं. परवापासून नाही.

"मग झालं. अंगाचं भागल्याशिवाय शू होत नाही."

शकूला हे सगळं आवडलं नसावं. तिला सुपातून ओढून काढलं होतं आणि चमचा हरवला होता. ती रडायला लागली आणि तिच्या गालावर खरोखरीचं पाणी आलं.

त्या संध्याकाळी ठमाबाईने ते मीठ कापडात बांधलं आणि देवीला वाहायला ती गाडीने परत गेली. रंभा आणि शकू दोन दिवस शाळेतच राहिल्या. पण डॉक्टरांच्या मनातून तो एकोणीस औंसांचा हिशेब जाईना. गाडी निघण्यापूर्वी त्यांनी म्हातारीला थांबवलं आणि पडवीत बसवून तिची परीक्षा घेतली. बाजारातून आणलेल्या वाण्याच्या पुड्या, माझी शाळेतली पुस्तकं, पाण्याचा तांब्या असं एकेक तिच्या हातात दिलं आणि प्रत्येक वस्तूच्या भाराचं मीठ काढायला सांगितलं. दहा वेळा. तिने तोंडाने टोमणे मारत दहाही वेळा मीठ काढलं. मिठागरावरचा मुकादम तुझ्यासारखाच शंकेखोर आहे, असंही सुनावलं. एकदाही तिचा हात दोन औंसांपेक्षा जास्त चुकला नाही. डॉक्टरांनी ते दहाही आकडे मला लिहायला लावले. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आजारापूर्वीचे वजन: ठमाबाईंच्या हातांवरून.' पुढे मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी या कामाच्या अहवालातली ही ओळ काढून टाकायला सुचवलं. दिनानाथांनी त्यांना ते दहा आकडे दाखवले आणि ओळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आत शाळेच्या फाटकाशी मिठागरावरच्या दोन गाड्या उभ्या होत्या. तीन आया, तीन मुलं, आणि प्रत्येकीच्या मांडीवर कापडात बांधलेलं मीठ. एकीने इतकं आणलं होतं की गंगाबाईंनी विचारलं, इथे आगर घालायचा बेत आहे काय. डॉक्टरांनी एकेक मूल पाहिलं. दोघांचे डोळे खोल गेले होते, तिसरं अजून रडत होतं. त्यांनी दुसऱ्या खोलीतही तराजू टांगायला सांगितला. मग ते आयांना विचारायला लागले की आजाराआधी ही मुलं केवढी होती. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. दिवसभर त्या आगरात कामाला असत, पोरं घरी असत.

डॉक्टर फाटकापर्यंत गेले. गाडीवान बैल वळवत होता. त्यांनी त्याला हाक मारली आणि निरोप सांगितला, की पुढच्या खेपेला पोरांबरोबर त्यांच्या आज्यांनाही घेऊन ये.